आजोबांच्या फ्रेमचा पुठ्ठा

जपानात एकोणीस वर्षं काढूनही माझी जपानी भाषा दुकानातल्या पावतीपलीकडे फारशी गेलेली नाही. कचऱ्याच्या बाबतीत मात्र मी कोणाला हार जाणार नाही. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली विसळून वेगळी. त्यामुळे आजोबांची फ्रेम मी टाकली, तीसुद्धा अगदी नियमाप्रमाणे टाकली. किडलेली लाकडी चौकट तोडून जळणाऱ्या कचऱ्यात. काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर जपानीत 'धोका' असं लिहून, न जळणाऱ्यात. मागचा पुठ्ठा रद्दीच्या गठ्ठ्यात घालून, गठ्ठा सुतळीनं उभा-आडवा बांधून. आतला फोटो स्कॅन करून जपून ठेवला. स्वतःवर इतका खूश होतो की रविवारी आत्याला व्हिडिओ कॉल करून ही सगळी विभागणी सविस्तर सांगितली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय पंच्याऐंशी, पुण्यात एकटी राहते. तिच्या व्हिडिओ कॉलमध्ये फक्त कपाळ दिसतं.

"आणि पुठ्ठा?" ती म्हणाली.

"तोही दिला. इथे कागद वेगळा द्यावा लागतो, आत्या."

बराच वेळ कपाळ हललं नाही. मला वाटलं नेट गेलं.

"अरे, त्या पुठ्ठ्यावर माझ्या वडिलांच्या हातचं होतं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. या वेळी नेट गेलेलं नव्हतं.

आता ही फ्रेम कसली ते सांगायला हवं. माझे आजोबा कोकणातून मलायाला गेले, रबराच्या एका मळ्यावर कारकून म्हणून. मागे बायको, तीन वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे वडील, आणि अजून जन्माला न आलेली आत्या. वर्षभर पत्रं आली. मग तिकडे लढाई पोचली आणि पत्रं थांबली. लढाई संपून दोन पावसाळे गेल्यावर शेजारच्या गावचा एक माणूस तिकडून परत आला. त्यानं ही फ्रेम आजीच्या हातात दिली. फोटोत हाफपँट घातलेले बारा जण उभे आहेत, डावीकडून चौथे आजोबा. तिथल्या स्वयंसेवक पलटणीचा हा फोटो, असं त्यानं सांगितलं. मागे त्यांच्या हातचं काही आहे, असंही म्हणाला. आजोबांचं पुढे काय झालं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आजीला वाचता येत नव्हतं, आणि पुठ्ठ्यावर खाकी कागद खळीनं घट्ट चिकटवलेला होता. फ्रेम भिंतीवर गेली ती गेलीच. तिला हार घालायचा की नाही, हे आमच्या घरात कधी ठरलं नाही. आजी शेवटपर्यंत कुंकू लावत होती.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाला त्यात दोन-चार ओळी मिळतात. कोणी मामलेदार झाला असेल तर सहा. आजोबांना मागच्या आवृत्तीत साडेतीन शब्द मिळाले होते: 'मलायास गेला. परागंदा.' अर्धा शब्द म्हणजे शेवटचा पूर्णविराम. आत्यानं तोही मोजला होता. शाळेत, स्थळं बघताना, सासरी, तो शब्द तिच्याआधी पोचलेला असायचा. आता नवी आवृत्ती छापायला चालली होती, आणि यानंतरची आपण बघणार नाही हे तिला माहीत होतं. 'परागंदा' काढायचं तर पुरावा द्या, असं कुलवृत्तांताच्या समितीनं कळवलं होतं. मुदत वर्षभराची होती, ती या महिनाअखेर संपत होती. म्हणून मागच्या खेपेला मी पुण्याला गेलो तेव्हा तिनं फ्रेम माझ्या हवाली केली. मीही मोठ्या तोंडानं म्हणालो, "मी करतो. मी तर जपानातच आहे." जपानात असण्याचा याच्याशी काय संबंध, ते मला अजून सांगता आलेलं नाही. पुढचे अकरा महिने फ्रेम कपाटावर होती.

वास्तविक आजोबांवर सगळ्यात जास्त बोललो असेन तर मीच. इथल्या मराठी मंडळींत गणपतीच्या जेवणानंतर कोणी काही विचारलं की मी आजोबांना काढायचो. फोटोत बारांपैकी अकरा जणांच्या हातात काठ्या आहेत. माझ्या सांगण्यात त्या पहिल्या वर्षीच बंदुका झाल्या होत्या, आणि दर गणपतीला समोरचा शत्रू वाढत होता. फक्त तो शत्रू कुठला, हे मी ऑफिसातल्या तनाका-बिनाकांसमोर कधी बोललो नाही.

संध्याकाळी आत्याला पुन्हा फोन लावला. अपराधी वाटत होतं, म्हणून आवाज चढवला. म्हटलं, एवढं मोलाचं होतं तर ऐंशी वर्षं कोणी उघडून का नाही बघितलं?

"भीती वाटायची," ती म्हणाली. "गावात म्हणायचे, त्यानं तिकडे दुसरं घर केलं. मागे तसंच काही लिहिलेलं असलं तर? आईला वाचता येत नव्हतं, ते बरंच होतं. मला येत होतं."

"मग मला का दिलीस?"

"तुला सगळीकडे नाक खुपसायची सवय आहे. वाटलं, तू उघडशील."

हे सगळं स्पीकरवर होतं. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्यांनी उघडायला दिली, आणि तू टाकायला उघडलीस."

आशेला एक जागा होती. हिगाशी-कसाई या भागात आम्ही ज्या इमारतीत राहतो तिथली रद्दी लगेच जात नाही. रहिवासी संघ ती सायकल स्टँडमागच्या खोलीत साठवतो, आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी रद्दीवाल्याचा ट्रक येतो. म्हणजे आठ दिवस हातात होते. खोलीची किल्ली शेजारच्या इमारतीतल्या एका जपानी आजोबांकडे असते. ऐंशीच्या घरातले, ताठ, संघाच्या आपत्ती-निवारण पथकाचे प्रमुख. सोमवारी मी ऑफिस बुडवून त्यांच्या दारात गेलो. सोबत मुलीला नेलं. ती पंधरा वर्षांची आहे, मी मराठीत बोलतो आणि ती जपानीत उत्तर देते. घरात याचा मला वैताग येतो, त्या दिवशी उपयोग झाला.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवत राहिले, आणि म्हणाले की अवघड आहे. इथे अवघड आहे म्हणजे होणार नाही. एकदा बाहेर ठेवलेला कागद संघाचा होतो. गठ्ठ्यांत इतरांचे खाजगी कागद असतात, एका माणसाला तिथे हात घालू दिला तर उद्या कोणीही येईल. मी म्हटलं, माझाच गठ्ठा आहे, मी बाहेरूनच दाखवतो. ते म्हणाले, अर्ज द्या, रविवारच्या सभेत ठेवू. मुलीनं अर्ज लिहिला. 'हरवलेल्या वस्तूचं वर्णन' या रकान्यात तिनं लिहिलं: पुठ्ठा, एक.

आठवडाभर मी दोन समित्यांच्या कात्रीत होतो. पुण्याच्या समितीचे चिटणीस हे माझे लांबचे काका. त्यांना मुदत वाढवून मागितली, तर म्हणाले, छापखाना थांबत नाही. फोटो पाठवला, तर म्हणाले, हा फोटो कोणाचाही असू शकतो, तुम्ही दोन साक्षीदार द्या. त्या बारांतला कोणी हयात असेल तर त्यालाच आणतो, असं मी लिहिलं. त्यावर त्यांनी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. माझा टोमणा त्यांना प्रस्ताव वाटला होता. रोज ऑफिसातून येताना मी सायकल स्टँडमागे जाऊन त्या खोलीच्या कुलुपाकडे बघत उभा राहायचो. चौथ्या दिवशी एका बाईंनी विचारलं, काही मदत हवी आहे का? याचा अर्थ, इथे काय करता?

रविवारी सभा होती, पण सभेआधी आपत्तीची कवायत. वर्षातून दोनदा असते. दोन्ही वेळा आम्हाला नेमकं बाहेर जायचं असतं. या खेपेला अर्जदार असल्यामुळे जावं लागलं, दुभाषी म्हणून मुलीलाही. रद्दी उपसायच्या तयारीनं मी जुनी हाफपँट घालून गेलो होतो. पथकातले एक गृहस्थ गुडघा दुखतो म्हणून आले नव्हते. किल्लीवाल्या आजोबांनी इकडे-तिकडे बघितलं, पन्नाशीतला मीच सगळ्यात तरुण दिसलो. काही न बोलता त्यांनी माझ्या दंडावर हिरवी पट्टी बांधली, डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि हातात दिवा लागणारी लाल कांडी दिली. नाही म्हणायची सोय नव्हती, माझा पुठ्ठा त्यांच्या कुलपात होता. दीड तास मी जिन्यापाशी उभा राहून 'कृपया इकडून चला' एवढं एकच वाक्य ओरडत होतो. सत्तरीच्या बाया माझ्या समोरून वर चढत होत्या. नदी जवळ असल्यानं आमच्याकडे पुराच्या वेळी वरच जायचं असतं. जाताना त्या मला शाबासकी देत होत्या. शेवटी पथकाचा फोटो निघाला. अकरा म्हातारे आणि मी.

सभेत माझा अर्ज सातवा होता. सहाव्यावर, कबुतरांना दाणे टाकावेत का यावर, चाळीस मिनिटं गेली. माझ्या अर्जावर कोणी बोललंच नाही. किल्लीवाल्या आजोबांनी माझ्या दंडावरच्या पट्टीकडे बोट दाखवून सांगितलं की हे आता पथकातले आहेत, तेव्हा खोलीत जायला हरकत नाही. मी पथकातला झालो हे मला तेव्हा कळलं.

खोलीत दोन-अडीचशे गठ्ठे असतील. मी हताश होऊन पहिल्या ढिगाला हात घालणार, तेवढ्यात आजोबा सरळ कोपऱ्यात गेले आणि एक गठ्ठा घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावरचे ना तुम्ही, म्हणाले. तुमचा गठ्ठा दर वेळी सुटतो. गेली कित्येक वर्षं मी तो परत बांधतो. एकोणीस वर्षांची माझी कचऱ्यातली कीर्ती मुलीसमोरच तिथे संपली.

पुठ्ठा मधोमध होता, धडधाकट. मी लगेच खाकी कागद ओरबाडायला लागलो. आजोबांनी माझा हात धरला. ते तरुणपणी पुस्तक बांधणीच्या कारखान्यात होते. त्यांनी घरून ओलं फडकं आणि पातळ सुरी आणली, फडकं कागदावर दाबून ठेवलं आणि वाट बघत बसले. वेळ जायला हवा म्हणून त्यांनी विचारलं की तुमचे आजोबा काय करायचे.

गणपतीत जे रंगवून सांगतो ते इथे कसं सांगायचं? म्हटलं, ते पण असेच पथकात होते. आपत्ती-निवारण.

कसली आपत्ती, त्यांनी विचारलं.

"पूर," मी म्हणालो.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात भाषेचा प्रश्न नव्हता.

कागद सुटा झाला. खाली पेन्सिलीनं, बारीक बाळबोध अक्षरात, आठ ओळी होत्या. मी मोठ्यानं वाचल्या:

"पलटणीत नाव घातले आहे. हौस नाही. ज्याच्या घरी राहतो तोच हवालदार, त्यास नाही म्हणता येईना. काठी मिळाली, बंदूक नाही. जपानी जवळ आल्याचे बोलतात. टपाल बंद, म्हणून हे असे धाडतो. वाट मोकळी होताच येतो. मुलगी झाली हे कळले. तिचे नाव काय ठेवले ते कळवावे."

यातलं जपानीत किती सांगायचं ते मी मनात जुळवत होतो. मुलीनं मात्र सगळं जपानीत सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. जपानी जवळ आल्याचंही. मी तिला चिमटा काढायच्या अंतरावर होतो, पण माझे हात पुठ्ठ्यात अडकले होते. किल्लीवाले आजोबा ऐकत राहिले. नंतर एवढंच विचारलं की काठी पलटणीनं दिली होती, की घरची न्यावी लागली?

मिळाली असं लिहिलंय, मी म्हणालो.

मग बरं, ते म्हणाले. आमच्याकडे शिट्टी आपली आपण आणायची असते. पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

आत्याला मी सभागृहाच्या पायरीवरूनच फोन लावला. पुण्यात सकाळ होती. वाचून दाखवलं. कपाळ स्थिर होतं.

"शेवटचं परत वाच," ती म्हणाली. वाचलं. मग तिनं फोन थोडा लांब धरला असावा, कारण किती तरी वर्षांनी मला तिचा अख्खा चेहरा दिसला.

"कळवायचं राहूनच गेलं की रे," ती म्हणाली.

मला वाटलं, आता झालं. लगेच पुठ्ठ्याचा फोटो पुण्याला पाठवला. चिटणीसकाकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मजकुरावर तारीख नाही. पुठ्ठा कागदपत्रांत धरायचा की नाही यावर मतभेद आहेत. तरी सहानुभूतीनं 'परागंदा'ऐवजी 'पुढील माहिती उपलब्ध नाही' असं टाकता येईल. मी चिडून तीन परिच्छेदांचा मेल लिहिला, बायकोला वाचून दाखवला आणि तिच्या सांगण्यावरून पाठवला नाही. आत्याला कळवलं तेव्हा वाटलं होतं, तिला एवढंही पुरेल. तो शब्द तरी गेला.

"पुढील माहिती उपलब्ध नाही म्हणे," ती म्हणाली. "मग मी कोण?"

त्यानंतरचं काम तिनं स्वतःच हातात घेतलं. माझ्याकडून चिटणीसांचा नंबर मागून घेतला, आणि रोज दुपारी त्यांना फोन करायला लागली. तिची मागणी एकच होती. वडिलांच्या ओळीखाली तिचं नाव छापा. काका सांगायचे, त्या पिढीतल्या मुली घ्यायच्या नाहीत असा ठराव आहे, पानं वाढतात. ती म्हणायची, त्यांनी विचारलंय, मला कळवायचंय. ठराव तुमचा आहे, प्रश्न त्यांचा आहे. काकांनी मला मेसेज केला की तुमच्या आत्यांना जरा समजवा. मी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं.

पाचव्या दिवशी छपाईआधीचं पान आलं. त्यावर आजोबा असे होते: 'मलायात नोकरी. तेथील स्वयंसेवक पलटणीत शिपाई.' खाली माझ्या वडिलांचं नाव. त्याच्या खाली आत्याचं नाव, माहेरचं. आणि तिच्या नावापुढे, तिच्याच ओळीत: 'पुढील माहिती उपलब्ध नाही.' कुठली तरी ओळ सरकली होती. मी ताबडतोब फोन केला, तर पान छपाईला गेलं होतं. आठ दिवसांची धावपळ, दोन समित्या, एक हेल्मेट, आणि शेवटी जिवंत बाईला बेपत्ता करून ठेवलं. मी आत्याला सांगताना अक्षरशः दात-ओठ खात होतो.

ती हसली. "राहू दे," म्हणाली. "मी इथे बसलेय की, पुढली माहिती. नाव आलं ना?"

नवी फ्रेम मी परवा आणली. फोटोमागे आजोबांचा पुठ्ठा ठेवला, आणि मागून झाकायला एक कोरं कार्ड. आमची मुलगी, तिची मुलं, कोणाला तरी कधी तरी हे कळायला हवं, म्हणून मी सगळी हकिकत बारीक अक्षरात त्या कार्डावर लिहायला बसलो. दीड तासात मलायाच्या बोटीपर्यंत आलो होतो आणि कार्ड भरत आलं होतं. आतल्या खोलीत मुलगी फोनवर कोणाशी तरी जपानीत खिदळत होती. बायकोनं माझ्या खांद्यावरून वाकून दोन ओळी वाचल्या, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "मागे लिहू नकोस. ती आत बसलीय, जाऊन तिला सांग. आणि काठ्यांच्या काठ्याच राहू दे."